बंटीनं ठेवलेला घास

१

म्हाळसाबाईंनी उभ्या जन्मात पुष्कळ काही पाहिलं होतं, पण लॅब्रेडॉरनं भांड्यात घास शिल्लक ठेवलेला कधी पाहिला नव्हता.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं परिचर म्हणून काढली. अडलेल्या म्हशी धरल्या, लाथा खाल्ल्या, मेंढरांना नळीनं औषध पाजलं, आणि शहर वाढत गेलं तशी नाना जातींची कुत्रीही धरली. त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी नवरा कोंडीबा गेला. मुलगी अपेक्षा पुण्यात. जुळे सोलापुरातलं ते आगगाडीच्या डब्यासारखं घर, म्हणजे पुढं जाळीचा व्हरांडा, मग बाहेरची खोली, मग मधली, मग स्वयंपाकघर आणि मागं न्हाणी, त्यांना एकाएकी फार लांब वाटायला लागलं. तेव्हा ओळखीतल्या कुणीतरी गावाला जाताना आपलं कुत्रं आठ दिवस त्यांच्याकडं सोडलं. त्याचं पाहून दुसऱ्यानं सोडलं. तीन उन्हाळ्यांत असं झालं, की सुट्टी लागली की म्हाळसामावशींचं घर भरायचं.

"कुत्र्यांनी मला माणसांत आणलं बगा," असं त्या म्हणत. बंटीनं घास ठेवला त्या उन्हाळ्याबद्दल विचारलं तर मात्र आधी हात जोडतात, मग बोलतात.

त्या मे महिन्यात चार पाहुणे होते. प्रियदर्शनी नावाच्या बँकेतल्या बाईंचा लॅब्रेडॉर बंटी, अंगानं दांडगा आणि मनानं बाळ. मफिन नावाचा पग, त्याला त्या मफ्या म्हणत. तो जागेपणीही घोरायचा. अकरा वर्षांची पोमेरेनियन स्वीटी, पान हललं तरी भुंकणारी. आणि मंद्रूपच्या बसवेशची पश्मी कुत्री तेजा, उंच, लांब केसांची, अंगानं शेलाटी. ही कुत्री घरंदाज. परक्यानं अंगाला हात लावलेला त्यांना खपत नाही, आणि मान तर मालकापुढंही वाकत नाही.

सकाळी अकराला चौघांना बाहेरच्या खोलीत भात मिळायचा, कोंबडीचे पाय उकळलेल्या पाण्यात कालवलेला. बंटीचं भांडं इतरांच्या आधी रिकामं व्हायचं आणि मग तो ते नाकानं ढकलत खोलीभर फिरवायचा.

त्या दिवशी तो खाता खाता थांबला. भांड्याच्या एका कडेला मूठभर भात होता. तो दोन पावलं मागं सरला, खाली बसला, कान पाडून मधल्या खोलीच्या दाराकडं पाहत राहिला.

"काय रं बंट्या? प्वाट बिघडलं व्हय?"

त्यांनी त्याच्या हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं. सगळं ठीक होतं. उन्हानं भूक मेली असेल, असं म्हणून त्यांनी विषय सोडला.

२

दुसऱ्या दिवशी मफ्यानं घास ठेवला. तिसऱ्या दिवशी स्वीटीनं. चौथ्या दिवशी तेजानंही ठेवला, तोही भांड्याच्या नेमक्या कडेला, पंगतीत पान वाढून ठेवावं तसा.

ऊन खरंच भयंकर होतं. अकरा वाजताच रस्ते ओस पडत. दारंखिडक्या लावून लोक आत बसत आणि गल्लीत फक्त कूलरची घरघर ऐकू येई. म्हाळसाबाईंचा कूलर मधल्या खोलीच्या खिडकीत, लोखंडी स्टँडवर होता. जुना, पत्र्याचा, पण खोली गार करायचा. गेल्या उन्हाळ्यात कुत्री त्याच्यापुढं एकमेकांच्या अंगावर पडून झोपली होती. आता चौघांतलं एकही मधल्या खोलीत पाय टाकत नव्हतं. मफ्याला दम लागायचा म्हणून त्यांनी त्याला उचलून आत नेलं, तर तो हातातून निसटून जीव घेऊन बाहेर पळाला.

पाचव्या दिवशी जेवण झाल्यावर त्या चौघांना घेऊन व्हरांड्यात बसल्या. भांडी आत तशीच होती. स्वीटीच्या कानातली गोचीड काढत असताना त्यांना आतून पाणी पिण्याचा आवाज आला.

लप्, लप्, लप्.

कुत्रं पाणी पितं तसाच आवाज, फक्त फार सावकाश. दोन लपकांमध्ये माणसानं एक श्वास घेऊन सोडावा एवढं अंतर.

त्यांनी सवयीनं हाक मारली, "बास की रं बंट्या, उलटी हुईल."

बंटी त्यांच्या गुडघ्याला टेकून बसला होता. मफ्या पायाशी होता. तेजा जाळीजवळ उभी होती. स्वीटी मांडीवर होती, आणि पान हललं तरी भुंकणारी स्वीटी गप्प होती.

म्हाळसाबाई उठून आत गेल्या. खोलीत कुणी नव्हतं. चारही भांड्यांतला घास गेला होता, भांडी घासून ठेवल्यासारखी लख्ख होती. पाण्याच्या घमेल्यातलं पाणी अर्ध्यावर आलं होतं आणि अजून डुचमळत होतं.

मांजर असेल, त्या मनाशी म्हणाल्या. मांजर अर्धं घमेलं पाणी पीत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्या तेच म्हणत राहिल्या.

३

नखांच्या आवाजावरून जात ओळखायची त्यांना सवय होती. शहाबादी फरशीवर पगची नखं घाईनं टिकटिकतात. लॅब्रेडॉर थपथपत चालतो. पोमेरेनियन सांडलेल्या मोहरीसारखी तडतडते. पश्मी तर चालते की नाही ते कळतही नाही.

सहाव्या दिवशी दुपारी त्या चौघांसोबत व्हरांड्यातच पडल्या होत्या. आतून एक नख वाजलं. बाहेरच्या खोलीत. मग बऱ्याच वेळानं दुसरं वाजलं, मधल्या खोलीत. मग तिसरं, स्वयंपाकघरात, आणि मांडणीवरच्या ताटल्या हलकेच किणकिणल्या.

तीन पावलांत घर संपलं.

त्या उठून बसल्या. त्यांनी स्वतः दार ते न्हाणी चालून पाहिलं. त्यांची एकवीस पावलं झाली.

संध्याकाळी अपेक्षाचा फोन आला. त्यांनी तिला हसत हसत सांगितलं, म्हणजे स्वतःलाही ते हसण्यासारखं वाटावं.

अपेक्षा हसली नाही. "आई, गोळी वेळेवर घेतेस ना? ऊन लागलंय तुला. ती कुत्री परत कर आणि इकडं निघून ये. किती दिवस एकटी राहणार आहेस?"

"एकटी कुटं? चौघं हायत की."

"आई, मी चेष्टा करत नाहीये."

"बरं, बगते," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. दवाखान्यात जाऊन बीपी तपासून आल्या, ते ठीक निघालं. ठीक निघालं याचंच त्यांना जास्त भय वाटलं. आजार असता तर त्याला औषध होतं.

सातव्या दिवशी त्यांनी मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर ज्वारीचं पीठ पातळ पसरलं. तासाभरानं येऊन पाहिलं तर पिठावर पाऊल नव्हतं. पीठच नव्हतं. उंबरा ओला होता, एका मोठ्या जिभेनं एका फटक्यात चाटून घ्यावा तसा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. बंटीनंच चाटलं असेल, त्यांनी ठरवलं. पण बंटीच्या काळ्या नाकावर पिठाचा कणही नव्हता.

४

आठव्या दिवशी जेवणं झाल्यावर चौघंही मधल्या खोलीच्या दारापाशी जाऊन अर्धगोलात पडली. तोंडं दाराकडं. कुणाच्या तरी पुढ्यात बसावं तशी. म्हाळसाबाई बाजेवरून पाहत होत्या.

तेजा हळूच पुढं सरकली. तिनं पोट फरशीला टेकवलं, मग कुशीवर वळली आणि गळा वर केला. मंद्रूपला बसवेशच्या वाड्यावर दोन लांडग्यांना भिडलेली ती कुत्री, गळा उघडा टाकून पडून राहिली. आणि तिच्या गळ्यावरचे लांब केस एका बाजूनं दबले. दबले, आणि पुन्हा उठले.

म्हाळसाबाई उठल्या. हातातलं जनावर न बघता सोडायची त्यांची रीत नव्हती. त्यांनी उंबऱ्यापाशी जाऊन दाराच्या मोकळ्या जागेत हात पुढं केला.

कूलरचं वारं गार येत होतं. त्या गार वाऱ्यात, त्यांच्या छातीएवढ्या उंचीवर, ऊबदार हवेचा एक झोत तळव्यावर आला, थांबला, आणि परत ओढला गेला. पुन्हा आला. पुन्हा ओढला गेला. त्याला भिजलेल्या लोकरीचा वास होता.

दवाखान्यात त्यांनी हजारो जनावरांचे श्वास मोजले होते. बकरीचे, बैलाचे, मरणाऱ्या वासराचे. हा त्यांतला एकही नव्हता. त्यांनी हात मागं घेतला आणि पदरात गुंडाळून धरला.

त्याच संध्याकाळी त्यांनी चारही घरी फोन केले. कुत्री घेऊन जा, मला जमत नाही म्हणून सांगितलं. प्रियदर्शनीबाई केरळात होत्या, त्या हळहळल्या. बसवेश म्हणाला, "मावशी, परवा येतो की. दोन दिवस कळ काढा. काय झालं पर?"

"काय न्हाय बाबा. उन्हाळा लई हाय."

फोन ठेवल्यावर त्या बंटीच्या मानेत हात घालून बराच वेळ बसल्या. या जिवांनी तीन वर्षं त्यांचं घर हलतं ठेवलं होतं आणि आज त्या त्यांना दाराबाहेर काढत होत्या. त्यांना रडू आलं. पण मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात जाताना त्यांनी पदर आवळून घेतला आणि भिंतीला अंग घासत पलीकडं गेल्या.

५

नववा दिवस. पारा चव्वेचाळीसच्या पुढं गेला होता. मागच्या दारानं फुफाटा आत येत होता म्हणून त्यांनी स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्या दारात दोरी बांधून एक जाड चादर भिजवून टांगली होती. खाली पाण्याचे थेंब गळत होते.

दुपारी दोनच्या सुमाराला त्या न्हाणीतून अंगावर पाणी घेऊन आल्या. तेव्हा मधल्या खोलीतून कूलरचा आवाज बदललेला ऐकू आला. पाणी संपून मोटार कोरडी ओढत होती. रोज सकाळी त्या रबरी चपला घालून, बटण बंद करून कूलर भरत. त्या दिवशी चपला व्हरांड्यात राहिल्या होत्या आणि बटणही खोलीच्या त्या टोकाला होतं. मोटार जळेल या घाईत त्यांनी स्टीलची बादली भरली आणि ओल्या पायांनी तशाच निघाल्या.

दारातली चादर त्या डाव्या हातानं बाजूला सारायला गेल्या.

चादर हलली नाही.

खिळ्याला अडकली असेल म्हणून त्यांनी जोर लावला. ओलं कापड हाताला गच्च लागलं, आत भरीव काही असल्यासारखं. त्यांनी खांदा लावला. तेव्हा चादर त्यांच्याकडं फुगली.

कापड ओलं होतं, आणि ओलं कापड काही लपवत नाही. त्यांच्या छातीच्या उंचीला एक रुंद कपाळ उमटलं. त्याच्या खाली दोन खळगे. त्याहून खाली, लांब आणि जड, एक मुस्कट. त्या मुस्कटाच्या टोकाशी चादर आत ओढली गेली, दोन ठिकाणी, आणि पुन्हा बाहेर फुगली. वर दाराच्या चौकटीशी दोरी ताणली होती, कारण त्या डोक्याच्या मागं जे काही होतं ते चौकटीत मावत नव्हतं.

त्या ओरडल्या नाहीत. नंतर त्यांना या गोष्टीचं नवल वाटलं. भयाच्या पलीकडं एक राग असतो, तो त्यांच्या तोंडून निघाला.

"सर की! माजं घर हाय हे! सर बाजूला!"

त्यांनी बादलीसकट अंग पुढं रेटलं. पलीकडून दात नाही लागले, गुरगुर नाही आली. ते डोकं फक्त खाली झुकलं आणि त्यांच्या पोटाला टेकून, शेळी करडाला मागं सारते तसं, त्यांना मागं सारत गेलं. एक पाऊल. दोन पावलं. ओल्या फरशीवरून त्यांचा पाय घसरला आणि त्या मट्कन खाली बसल्या. बादली हातातून सुटली, आडवी झाली, आणि सांडत, खडखडत चादरीखालून मधल्या खोलीत गेली.

लोखंडाला स्टील लागल्याचा ठण् असा आवाज झाला. त्याच क्षणी चर्र झालं आणि चादरीच्या खालच्या फटीतून निळा उजेड भडकला. कूलर बंद पडला. पंखा बंद पडला. फ्रिजची गुणगुण थांबली.

घरात एवढी शांतता झाली, की त्यांना स्वतःचं हृदय ऐकू येत होतं. आणि आणखी एक कसलातरी संथ, मोठा ठोका. तो त्यांच्या हृदयाबरोबर चालत नव्हता.

मग बाहेरच्या खोलीत चारही कुत्री एकदम भुंकली. चादर सुटून सरळ खाली लोंबली. वाऱ्यानं जराशी हलली. पलीकडं रिकामी खोली होती, आणि स्टँडला टेकलेल्या बादलीच्या काठाला काळा डाग पडला होता.

६

कोपऱ्यावर मडिवाळप्पाचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. मूळचा अक्कलकोटकडचा माणूस, बोलता बोलता कानडीत शिरणारा. म्हाळसाबाई तशाच ओल्या लुगड्यानं जाऊन त्याला घेऊन आल्या. त्यानं आधी सगळं पाणी पुसलं, मेन बंद करून फ्यूजची तार घातली, पायाखाली कोरडी फळी घेतली आणि मेन चालू करून कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. स्टँडला लावला, तिथंही पेटला.

मेन पुन्हा बंद करून त्यानं मागची जाळी काढली. पंपाची वायर उंदरानं कुरतडली होती. तांब्याची उघडी तार पत्र्याला चिकटून होती.

"अय्यो शिवा," तो हळूच म्हणाला. "मावशी, तुमी वल्ल्या पायानं हितं आला असता, हातात स्टीलची बादली... मी आत्ता तुमच्या पोरीला फोन लावत बसलो असतो."

म्हाळसाबाई बाजेवर बसल्या होत्या. बंटीनं डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं होतं. "किती दिवस झालं आसतील कुरतडून?"

"आठ-दहा दिवस. कुत्री आत येत न्हवती म्हंता ना? फरशीला वल असनार, त्यांच्या पायाला बारीक करंट लागत असंल. मुकं जनावर आपल्या आधी वळकतं, मावशी."

हे पटण्यासारखं होतं. त्यांनी मान हलवली. कुत्री का येत नव्हती, ते कळलं. मग त्यांनी विचारलं, "आन् मला कुणी आडवलं?"

"चादर जड हुती. वल्ली हुती. पायात आली असंल."

असं म्हणत त्यानं दोरीवरची चादर उतरवली आणि घडी घालायला लागला. मध्येच थांबून त्यानं हात पँटला पुसला. चादरीच्या मधोमध एक जागा नुसती ओली नव्हती. तिथं बोटांना चिकट लागून त्याची तार सुटत होती.

"लाळ हाय ही," तो म्हणाला.

"व्हय."

"कुत्र्याची असंल." त्यानं दोरीकडं पाहिलं, मग स्वतःच्या छातीकडं पाहिलं, मग खाली बसलेल्या चार कुत्र्यांकडं. तेजा त्यांच्यात सगळ्यात उंच, तीही त्याच्या मांडीएवढी. त्यानं चादर निमूट बाजेवर ठेवली, हत्यारं पिशवीत भरली, आणि चहाला न थांबता निघाला. दारापर्यंत गेला आणि आत पाहून त्यानं कुणाला तरी नमस्कार केला. म्हाळसाबाईंना नव्हे.

त्यांनी चारही घरी पुन्हा फोन केले. असू द्या, राहू द्या कुत्री, मला जमतंय म्हणून सांगितलं. बसवेशला हायसं वाटलं, त्याच्या शेतात कांदा काढणी चालू होती.

शेवटचा फोन पुण्याला केला. घडलं ते सगळं सांगितलं नाही. कूलरला करंट होता, वाचले, एवढंच सांगितलं. अपेक्षा रडायला लागली. "आई, आता तरी ये ना गं."

"येते की, आठ दिवस ऱ्हायाला. पर घर न्हाय सोडायची. हितं मला बगनारं हाय."

"कोण?"

म्हाळसाबाईंची नजर मधल्या खोलीकडं गेली. "हायत," त्या म्हणाल्या.

७

जूनच्या पहिल्या आठवड्यात कुत्री एकेक करून आपापल्या घरी गेली. तेजा जाताना बसवेशच्या गाडीत चढेना. बऱ्याच वेळानं चढली. घर पुन्हा लांब झालं.

म्हाळसाबाईंच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. बत्तीस वर्षं त्यांनी जनावरांची सेवा केली, आणि जीव वाचवणाऱ्या माणसाला बहुतेक जनावरं उपकाराची जाण काही ना काही करून कळवतात, हात चाटतात, निदान डोळ्यांत पाहतात, हे त्यांनीच लोकांना सांगितलं होतं. आणि त्यांनी स्वतः काय केलं होतं? "सर" म्हटलं होतं. शिवाय भीती अजून गेली नव्हती. मधल्या खोलीतून जाताना अजूनही पाठीवर काटा यायचा. भीती आणि उपकार एकाच काळजात राहू शकतात, हे त्यांना या वयात कळत होतं.

एके दिवशी पाचच्या सुमाराला त्या चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात, मागच्या अंगणाकडं तोंड करून पाटावर बसल्या. ऊन उतरलं होतं. पाठीमागं सगळं घर रिकामं होतं. त्यांनी मागं न पाहताच बोलायला सुरुवात केली.

"तू कोन हायस, मला ठावं न्हाय. इचारत बी न्हाय. म्या भ्याले, तुला वंगाळ बोल्ले. चुकलं माजं. लई उपकार झालं बग तुजं. माज्या पोरीला आई ऱ्हायली."

कुठं काही हललं नाही. अंगणात एक साळुंकी भांडत होती. त्यांनी कप तोंडाला लावला.

तेव्हा त्यांच्या दोन्ही पावलांवर काहीतरी येऊन विसावलं. सावकाश, आधी जरासं, मग पूर्ण भारानं. भरल्या अंगाच्या वासराचं डोकं असावं एवढं जड. ऊबदार. घोट्याला श्वास लागला, त्याची गुदगुली झाली.

आणि पार पलीकडं, दोन खोल्या ओलांडून, बाहेरच्या खोलीत लाकडी बाज वाजली. धप्. जरा वेळानं पुन्हा, धप्. समाधानानं पडलेल्या कुत्र्याची शेपटी आदळावी तशी, सावकाश, बिनघोर.

म्हाळसाबाईंनी खाली पाहिलं नाही. मागंही पाहिलं नाही. पाय जराही न हलवता त्यांनी उरलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत शांतपणे प्यायला.